उत्कर्षाची तीन सुवर्णपदकं

उत्कर्षा बोरसे आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. बडोद्याच्या सुभानपुऱ्यातली आमची सोसायटी तीन मजल्यांची. दुसऱ्यावर आम्ही, तिसऱ्यावर बोरसे. तिचे वडील सुभाषभाऊ मूळचे अमळनेरकडचे, नंदेसरीच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. आई मंदावहिनी. मुलगी एकच. रोज पहाटे साडेपाचला आमच्या स्वयंपाकघराच्या छतावर धप्प धप्प सुरू झालं की माझ्या सासूबाई म्हणायच्या, "उठली वाटतं लाथाडी."

ती तायक्वांदोत आली तो एक योगायोगच. पंच्याण्णव साली, ती दहा वर्षांची असताना, मंदावहिनी तिला भरतनाट्यमच्या क्लासची चौकशी करायला दांडिया बाजारात घेऊन गेल्या होत्या. क्लास त्या दिवशी बंद निघाला. पण त्याच गल्लीत एका जुन्या व्यायामशाळेच्या मागच्या हॉलमधून पंचवीस-तीस पोरांचा एका सुरात आवाज येत होता, "हाना, दुल, सेत!" कोरियन भाषेतले एक, दोन, तीन. उत्कर्षा दारात उभी राहिली ती हलेचना. आत पांढऱ्या कपड्यातला एक उंच माणूस पोरांच्या रांगेतून फिरत एकेकाचा गुडघा हाताने वर उचलत होता. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "येतेस?"

ते जयवंतराव खानवेलकर. आजोबा संस्थानच्या काळात मोठ्या हुद्द्यावर, वडील वकील, आणि घराण्यातला लाथा मारून पोट भरणारा पहिला मी, असं ते स्वतःच हसत सांगायचे. बंगलोरला राहून तायक्वांदो शिकून आले होते. पोरीला त्यांनी हातात घेतलं ते दहा वर्षं सोडलं नाही. तिला टायफॉइड झाला तेव्हा रोज संध्याकाळी मोसंबी घेऊन जिना चढायचे. दोन हजार दोनमध्ये शहरात संचारबंदी होती तेव्हा ते रोज सहाला फोन करायचे, पलीकडून आकडे मोजायचे, आणि मंदावहिनी रिसीव्हर हातात धरून उभ्या असताना उत्कर्षा बैठकीच्या खोलीत त्या मोजणीवर शंभर किक मारायची. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

दोन हजार एक, दोन हजार दोन आणि दोन हजार चार. तीन वेळा ती नॅशनलचं सुवर्णपदक घेऊन आली. गुजराती पेपरात फोटो आला. सोसायटीच्या गणपतीत तिचा सत्कार झाला, आणि मी बँकेत काम करते, चार लोकांसमोर बोलायची सवय आहे म्हणून भाषण माझ्याच गळ्यात पडलं. "आपल्या सोसायटीचं नाव देशभर गेलं," असं मी माईकवर म्हणाले. ते वाक्य आठवलं की आजही मला कुठे तोंड लपवू असं होतं.

दोन हजार पाचच्या जूनमध्ये तिचं बी.कॉम. संपलं आणि रेल्वेच्या खेळाडू कोट्यातल्या भरतीची जाहिरात आली. वय बसत होतं, शिक्षण बसत होतं, पदकं तर होतीच. कागदपत्रं दाखवायला प्रतापनगरच्या ऑफिसात बोलावलं त्या दिवशी सुभाषभाऊंची पहिली पाळी होती. मी रजा काढली आणि तिच्या स्कूटीवर मागे बसून गेले. तिने प्लॅस्टिकची निळी फाइल मांडीला लागेल अशी पुढे ठेवली होती आणि सिग्नलला थांबलो की ती जागेवर आहे ना, हे गुडघ्याने चाचपून बघत होती.

टेबलामागे पन्नाशीचे एक गुजराती साहेब होते. माणूस चांगला. त्यांनी तिन्ही प्रमाणपत्रं नीट वाचली, मग ड्रॉवरमधून टाइप केलेली एक यादी काढली आणि तिच्यावरून बोट फिरवत खाली गेले. परत वर आले. परत खाली.

"बेन, आ संस्था तो यादीमां नथी," ते म्हणाले.

"कोणती संस्था?" उत्कर्षाने विचारलं.

"तुमची. ज्यांनी ही प्रमाणपत्रं दिली ती." मग त्यांनी हिंदीत समजावून सांगितलं. देशात या खेळाच्या दोन संघटना आहेत, नावं जवळजवळ सारखी. एक मान्यताप्राप्त. दुसरी ही. दुसरीच्या स्पर्धा सरकार धरत नाही, रेल्वे धरत नाही, कोणीच धरत नाही.

"पण सर, ही नॅशनल आहे," उत्कर्षा म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. त्यांचा काहीतरी घोटाळा होतोय आणि आपण तो सोडवून देऊ, असा. "तीन गोल्ड आहेत. बघा ना, खाली शिक्का आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "तुझ्या वजनी गटात किती मुली होत्या?"

"पाच."

"आणि राज्यं?"

"आठ." हे म्हणताना ती थांबली. "सर, आठ म्हणजे... दर वेळी आठच असायची."

 साहेबांनी तिन्ही प्रमाणपत्रं एकावर एक ठेवून कडा जुळवल्या आणि फाइलमध्ये परत घातली. त्या कडा जुळवण्यात हळुवार काळजी होती, आणि त्यातूनच मला आधी कळलं. उत्कर्षाला अजून कळलं नव्हतं. ती टेबलावरची यादी समोरून उलटीच वाचायचा प्रयत्न करत होती.

खाली आल्यावर ती स्कूटीसमोर उभी राहिली. किल्ली हातात होती. तिने किल्लीकडे पाहिलं, स्कूटीकडे पाहिलं, आणि मला म्हणाली, "ताई, ही कुठे लावतात?"

मी किल्ली घेतली. तिला मागे बसवलं. तिचं अंग उन्हात थंड लागत होतं. न्यायमंदिराजवळ आलो तेव्हा ती कानाशी बोलली, "घरी नको. सरांकडे."

दुपारी हॉल रिकामा असायचा. जयवंतराव जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि फाटलेलं किकिंग पॅड दाभणाने शिवत होते. आम्हाला बघून हसले. मग त्यांची नजर निळ्या फाइलवर गेली आणि हात थांबला.

"सर, रेल्वेवाले म्हणतात आपली संघटना यादीत नाही."

त्यांनी दाभण पॅडमधून ओढून काढलं.

"त्यांची चूक झाली असेल ना? तुम्ही पत्र द्या. मी उद्या परत जाते."

"चूक नाही, बेटा," जयवंतराव म्हणाले.

मला वाटलं होतं ते आधी चिडतील, रेल्वेला नावं ठेवतील. माणूस इतक्या लवकर कबुली देईल असं वाटलं नव्हतं. उत्कर्षालाही नसावं. ती एक पाऊल मागे सरकली, कोणी ढकलल्यासारखी.

"तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"अठ्ठ्याण्णवपासून."

मग त्यांनी सगळं सांगितलं, दाभण हातात तसंच धरून. राज्य संघटनेच्या सचिवाशी निवडीवरून कडाक्याचं भांडण झालं आणि त्यांना काढून टाकलं. तेव्हा दुसऱ्या संघटनेने बोलावलं, गुजरातचं पद दिलं. वर्ष-दोन वर्षांत दोन्ही एक होतील असं सगळेच म्हणत होते. झाल्या नाहीत. "मग तुला पहिलं गोल्ड मिळालं. स्टेशनवर उतरलीस तेव्हा तुझं तोंड पाहिलं आणि माझी जीभ उचलेना. मग दुसरं मिळालं. मग तर..."

"सर, मी सात वर्षं कुठे खेळत होते?" ती म्हणाली.

"मी तुला खोटं शिकवलं का?" जयवंतराव एकदम उठले. "तुझी राउंड किक खोटी आहे? तुझी बॅक किक? सांग, उत्कर्षा. एक तरी गोष्ट खोटी शिकवली का मी?"

 ती दाराकडे वळली. तेव्हा मागून ते म्हणाले, आणि ते म्हणायला नको होतं असं मला आजही वाटतं, "सुभाषभाऊंना मी सांगितलं होतं. दोन हजार एकलाच."

ती वळली. तिचा चेहरा मी तेव्हा पाहिला. रेल्वेच्या ऑफिसात तो नुसता गोंधळलेला होता. आता त्यावर काहीच नव्हतं.

सुभाषभाऊ चारला घरी आले. त्यांना कंपनीच्या बसमधून उतरताना मी गॅलरीतून पाहिलं आणि वर गेले. मला जायचं नव्हतं, पण मंदावहिनींनी बोलावलं होतं. पोरगी दुपारपासून भिंतीला टेकून बसलीय, पाणीसुद्धा घेत नाही, म्हणाल्या.

"पप्पा, जयवंतसरांनी तुम्हाला सांगितलं होतं?"

सुभाषभाऊंनी विचारलंसुद्धा नाही, काय सांगितलं होतं म्हणून. डबा खाली ठेवला आणि बूट न काढता खुर्चीवर बसले. "सांगितलं होतं," ते म्हणाले. "तू पदक घेऊन आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात. मला त्यातलं काय कळतं, बेटा? दोन संघटनांची भांडणं. आमच्या कंपनीत पण दोन युनियन आहेत. मी विचारलं, तिकडं पाठवायचं तर काय करावं लागेल? ते म्हणाले, पहिल्यापासून. पांढऱ्या पट्ट्यापासून. तू तेव्हा ते पदक उशीखाली घेऊन झोपायचीस. मी म्हटलं, राहू द्या."

"राहू द्या," उत्कर्षा म्हणाली. नुसता त्यांचा शब्द परत म्हणून बघितल्यासारखा.

खरा धक्का मंदावहिनींना बसला. त्यांना यातलं अक्षर माहीत नव्हतं. संचारबंदीत रिसीव्हर धरून उभी राहणारी बाई ती. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या आणि अहिराणीत काहीतरी म्हणाल्या, जे मला कळलं नाही. पण सुभाषभाऊंनी मान खाली घातली ती मी असेपर्यंत वर केली नाही.

दीड महिना आमच्या छतावर आवाज झाला नाही. सासूबाई रोज पहाटे जाग्या होऊन वर बघायच्या. उत्कर्षा दिवसा बाहेर पडायची नाही. जिन्यात भेटली तर ओळखीचं हसायची, पण मधेच ते हसू थांबून जायचं, कशासाठी हसत होतो ते विसरल्यासारखं. एकदा माझ्याकडे भाजी द्यायला आली आणि वाटी हातात धरून दहा मिनिटं दारात उभी राहिली. मी वाटी मागितली नाही. शेवटी ती म्हणाली, "ताई, पाच पोरी होत्या. मला कधी वाटलंच नाही की कमी आहेत. मला वाटायचं, एवढ्याच असतात."

ऑगस्टमध्ये ती आपण होऊन मांजलपूरला गेली. तिथे नलिनी जाधव नावाच्या बाई मान्यताप्राप्त संघटनेचा क्लास चालवायच्या. स्वतः खेळलेल्या, तिशीच्या, बोलायला फटकळ. उत्कर्षाने मला नंतर सांगितलं ते असं.

"पट्टा कोणता?" नलिनीताईंनी विचारलं.

"ब्लॅक. दुसरी डान." म्हणजे काळ्या पट्ट्याची दुसरी पायरी.

"कोणाचा?"

उत्कर्षाने जयवंतरावांचं नाव सांगितलं. नलिनीताईंनी मोठा श्वास घेतला. "चांगला शिकवतो माणूस. पण आमच्याकडे तुझा पट्टा पांढरा. सगळ्या परीक्षा परत द्याव्या लागतील. चालेल?"

चालेल म्हणाली. पिवळ्या पट्ट्याच्या परीक्षेला वीस वर्षांची उत्कर्षा आठ-नऊ वर्षांच्या पोरांच्या रांगेत शेवटी उभी राहिली. एका पालकबाईंनी तिला विचारलं, "तमारो बाबो कयो?" म्हणजे तुमचा मुलगा कोणता. तिने सांगितलं, "मीच." बाईंना कळलं नाही, त्या हसल्या.

नलिनीताईंनी परीक्षा एकामागोमाग एक घेतल्या, आणि दोन हजार सातच्या जानेवारीत ती पहिल्यांदा खऱ्या राज्य स्पर्धेत उतरली. मी गेले नव्हते. संध्याकाळी ती आली तेव्हा मला वाटलं पाय मोडला असेल, तशी जिना चढत होती. पाय धड होता. पहिल्याच लढतीत सुरतच्या एका मुलीने तिच्यावर सात गुणांची आघाडी घेतली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सात गुणांचा फरक पडला की लढत थांबवत. दुसऱ्या फेरीच्या मध्यावर पंचाने हात आडवा घातला आणि संपलं. शून्य-सात.

"मला आधी कळलंच नाही का थांबवलं," ती म्हणाली. "मला वाटलं तिचा हेडगार्ड सुटला. मी जाऊन माझ्या खुणेवर उभी राहिले. नलिनीताईंनी येऊन मला हाताला धरून बाहेर नेलं." मग बराच वेळ ती आमच्या सोफ्याच्या शिवणीवर नख फिरवत राहिली. "कागद खोटा निघाला तेव्हा मला वाटलं होतं, कागदच खोटा आहे. ताई, मी पण एवढी चांगली नव्हतेच."

मला तिची समजूत घालता आली नाही. ती म्हणत होती ते खरं होतं. सात वर्षं पाच-पाच पोरींत खेळलेली पोरगी, तिला कोणी नीट मारलंच नव्हतं, तर मार चुकवायला ती शिकणार कधी?

त्यानंतर तिने जे केलं त्याला मी हट्ट म्हणेन. सकाळी एका ट्रॅव्हल एजन्सीत तिकिटं काढायचं काम, संध्याकाळी मांजलपूर. नलिनीताई तिला वजनाने भारी मुलींसमोर उभी करायच्या आणि फक्त चुकवायला लावायच्या, किक मारायची नाही. बरगड्यांवर हिरवे-निळे डाग घेऊन ती घरी यायची. मंदावहिनी हळद लावायच्या. सुभाषभाऊ दुसऱ्या खोलीतून विचारायचे, "कशी आहे?" आणि मंदावहिनी उत्तर द्यायच्या नाहीत. त्या घरात ते दोघं अजून सरळ बोलत नव्हते.

त्या वर्षाच्या डिसेंबरात राज्य स्पर्धा बडोद्यातच झाली. या वेळी मी होते. उत्कर्षा अंतिम फेरीत पोचली आणि समोर तीच सुरतची मुलगी आली. पहिली फेरी दोन-तीनने उत्कर्षा मागे. विश्रांतीत नलिनीताई तिला पाणी देत होत्या, तेवढ्यात कठड्यापाशी मला जयवंतराव दिसले. केस पांढरे झाले होते. त्यांना त्या हॉलमध्ये कोणी बोलावलं नव्हतं, आणि त्या संघटनेची माणसं त्यांच्याकडे बघून एकमेकांना कोपराने ढोसत होती.

"उत्कर्षा!" ते ओरडले. "मागचा पाय जड पडतोय! वजन पुढे घे!"

ती दचकली. हातातली बाटली सांडली. मागे वळून तिने पाहिलं नाही. नलिनीताईंनी मात्र पाहिलं, क्षणभर, आणि मग तिच्या कानात म्हणाल्या, "बरोबर बोलतोय. ऐक."

पंच "शिजाक" म्हणाला, म्हणजे सुरू, आणि मला खेळातलं काही कळत नसलं तरी एवढं दिसलं की ती आता वेगळी उभी होती. टाचेवर नव्हती. सुरतची मुलगी आत आली की ती तिथे नसायची. शेवटच्या फेरीत पाच-पाच असताना तिने बॅक किक मारली. चेस्ट गार्डवर असा आवाज झाला की माझ्या शेजारची बाई "ओ बाप रे" म्हणून उभी राहिली. सहा-पाच.

ती जिंकली आणि तिने हात वर केले नाहीत. नलिनीताई मिठी मारत होत्या तेव्हाही ती आपल्या पायाकडेच बघत होती. नंतर मला म्हणाली, "मला त्यांचा इतका राग आला होता, ताई. आणि पायाने त्यांचंच ऐकलं." जयवंतराव तोवर निघून गेले होते.

नॅशनल फेब्रुवारीत, उत्तरेतल्या एका शहरात होती. सुभाषभाऊंनी रजा टाकली आणि विचारलं, "मी येऊ का?" त्यांनी तिची एकही लढत कधी पाहिली नव्हती, आधी पाळ्यांमुळे, नंतर शरमेने. उत्कर्षा म्हणाली, "या." मंदावहिनींनी दोघांची बॅग भरली.

तिथे हॉलबाहेर लढतींचा तक्ता लावला होता. तिच्या वजनात एकतीस मुली होत्या. एका कागदावर मावल्या नव्हत्या, दोन कागद चिकटवले होते. सुभाषभाऊ त्या तक्त्यासमोर किती वेळ उभे होते ते उत्कर्षाला नेमकं सांगता येत नाही. ते एकेक नाव बोटाने मोजत होते. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "इतक्या पोरी असतात?"

तिने दोन लढती जिंकल्या. उपांत्यपूर्व फेरीत मणिपूरच्या सतरा वर्षांच्या मुलीने तिला सात-चारने हरवलं. पदक नाही. रेल्वेला पदक लागत होतं.

परतीच्या गाडीत, रतलाम सोडल्यावर, सुभाषभाऊ खिडकीकडे तोंड करून रडायला लागले. समोरचे प्रवासी बावरले. आपल्या वडिलांना रडताना उत्कर्षाने तोवर कधी पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. तिला काय करावं कळेना. ती म्हणाली, "पप्पा, सांगायला हवं होतं तुम्ही." एवढंच. तीन वर्षांत पहिल्यांदा तिने ते त्यांच्या तोंडावर म्हटलं. ते मान हलवत राहिले. "हो," म्हणाले, "हो, हवं होतं." गोध्रा येईपर्यंत दोघं मग बोलत होती, सामन्याबद्दल, त्या मणिपूरच्या मुलीच्या डाव्या पायाबद्दल.

ती पुढे आणखी दोन नॅशनल खेळली. एकदा पुन्हा उपांत्यपूर्व फेरी, एकदा पहिल्याच लढतीत बाहेर. मांजलपूरच्या एका शाळेत तिला शारीरिक शिक्षणाची नोकरी लागली. पंचाची परीक्षा दिली. नलिनीताई लग्न करून पुण्याला गेल्या तेव्हा त्यांचा क्लास तिच्याकडे आला.

दोन हजार बाराच्या एप्रिलमध्ये एका रविवारी मी माझ्या भाचीला त्या क्लासमध्ये घालायला घेऊन गेले होते. फॉर्म भरत असताना दारात गलका झाला. जयवंतराव आत आले. हातात काठी होती. मागे नऊ मुलंमुली, सगळी दांडिया बाजाराची, निळे-हिरवे पट्टे बांधलेली.

उत्कर्षा उठून उभी राहिली. 

"हॉल सोडला मी," जयवंतराव म्हणाले. "ही शेवटची नऊ. यांच्या आईबापांना मी घरोघर जाऊन सगळं सांगितलंय. यादीबद्दल, पट्ट्याबद्दल, सगळं. जी मुलं सोडून गेली ती गेली. ही नऊ म्हणाली, येतो." ते थांबले. "घेशील का?"

 तिने टेबलावरचे कोरे फॉर्म त्यांच्यापुढे सरकवले. जयवंतराव खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि एकेका मुलाला जवळ बोलावून वळणदार अक्षरात स्वतः फॉर्म भरू लागले. नाव, जन्मतारीख, पत्ता. खाली प्रशिक्षकाच्या नावाची ओळ होती. तिथे त्यांनी नऊही वेळा लिहिलं, कुमारी उत्कर्षा सुभाष बोरसे.

फॉर्म तिच्याकडे आले तेव्हा ती सही करायला बसली. पहिल्यावर डोळ्यातलं पाणी पडून सही फिसकटली. तिने सरांकडे दुसरा फॉर्म भरून मागितला आणि त्यावरही चुकली.